आखात, खाडी, बाणकोट

हर्सूलच्या तलावाकाठी वाढलेल्या आम्हा लोकांना ‘आखात’ कळतं ते दुबई-कुवेतला नोकरीसाठी गेलेल्यांमुळे. शब्दाच्या पोटात मात्र कुदळ आहे. संस्कृत ‘खन्’ म्हणजे खणणे. ‘खाण’ही त्याच घरातली. ‘खाडी’चं नातं ‘खड्ड्या’शी. आखात आणि खाडी, दोन्ही शब्द आधी जमिनीतली पोकळी पाहतात, पाणी मागून. आणि ते खरंच आहे. समुद्राची पातळी चढली, नद्यांची खोरी बुडाली, कोकणातल्या खाड्या झाल्या.

बाणकोटची खाडी घ्या. महाबळेश्वरला उगवलेली सावित्री इथे समुद्राला मिळते. भरतीचं पाणी आत महाडच्या बाजूला चढतं, गलबतंही त्याच वाटेने जात. मुखावरचा हिंमतगड, म्हणजे बाणकोटचा किल्ला, १७५५ मध्ये इंग्रजांनी मराठा आरमाराच्या तुळाजी आंग्र्यांकडून घेतला आणि त्याला ‘फोर्ट व्हिक्टोरिया’ म्हटलं. त्या नावाची राणी जन्मायला अजून ६४ वर्षं होती! पुढच्याच वर्षी पेशव्यांनी विजयदुर्गाच्या बदल्यात बाणकोट इंग्रजांना तहाने देऊन टाकला. पेशवे-आंग्रे या घरच्या भांडणात परक्याच्या हाती खाडीची किल्ली दिली, हे मला आजही सलतं.

लोकांच्या तोंडी मात्र नाव बाणकोटच राहिलं. तिकडच्या मराठी बोलीचं नावही ‘बाणकोटी’.