परसातली कोंबडी

मी ३१ वर्षं इतिहास शिकवला. आमच्या पुस्तकांत घोडा आला, हत्ती आला, बैल तर पानोपानी आला. कोंबडी काही आली नाही. आणि गंमत अशी, की ज्या खान्देशी गावांत मी ही पुस्तकं शिकवली, तिथल्या निम्म्या घरांत घोडा कुणी पाहिला नव्हता, पण कोंबडी नाही असं घर शोधावं लागलं असतं. मागच्या दाराशी अळू, मिरची, वांगी, मांडवावर दोडका, आणि त्या सगळ्याच्या अवतीभवती उकरत फिरणाऱ्या पाच-सहा कोंबड्या. निवृत्तीनंतर आम्हीही परसात चार कोंबड्या आणि एक कोंबडा पाळला. तेव्हापासून या पक्ष्याचा माग काढायचा नाद लागला. त्यातलं थोडं आज सांगतो.

कोंबडी मुळात माणसाकडे आली कशी? आम्ही शाळेत शिकलो ते असं, की सिंधू संस्कृतीच्या लोकांनी ती माणसाळवली. मोहेंजोदडोत सापडलेल्या हाडांवर हे मत उभं होतं. २०२२ मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात जगभरच्या शेकडो ठिकाणची हाडं पुन्हा तपासली गेली आणि जुने बरेच दावे मागे पडले. आज खात्रीनं पाळीव म्हणता येतील अशा सर्वांत जुन्या कोंबड्या मध्य थायलंडमधल्या बान नॉन वाट या ठिकाणच्या, इसवी सनापूर्वी १६५० ते १२५० च्या दरम्यानच्या. कारणही मजेशीर आहे. तिथल्या लोकांनी पावसाच्या पाण्यावर भात आणि राळ्यासारखं बारीक धान्य पेरायला सुरुवात केली, आणि सांडलेल्या दाण्यांसाठी रानातला तांबडा कोंबडा आपणहून शेताच्या कडेला उतरला. म्हणजे माणसानं तिला पकडून आणली असं म्हणण्यापेक्षा, ती पिकाच्या वासानं आली आणि राहिली असं म्हणावं लागेल. शेत आणि कोंबडी यांचं नातं माझ्या परसाइतकंच जुनं निघालं!

आणखी एक गोष्ट आपल्या अभिमानाची. डार्विनचं म्हणणं होतं, की साऱ्या पाळीव कोंबड्या या एकट्या तांबड्या रानकोंबड्याच्या वंशातल्या. २००८ मध्ये जनुकं तपासणाऱ्यांना दिसलं, की कोंबडीच्या पायांचा पिवळा रंग तांबड्याकडून आलेलाच नाही. तो आला आहे राखाडी रानकोंबड्याकडून, म्हणजे आपल्या सह्याद्रीत पहाटे अडखळत आरवतो त्या पक्ष्याकडून. पुढच्या वेळी बाजारात पिवळ्या पायांची कोंबडी दिसली तर तिच्यात थोडा सह्याद्री आहे हे लक्षात ठेवा.

आता धर्मशास्त्राकडे वळतो, कारण परसातल्या कोंबडीचं पुढचं सगळं भाग्य त्यात आहे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात द्विजांनी काय खाऊ नये याची यादी आहे. त्यात एकाच श्लोकात लसूण, कांदा, कुत्र्याची छत्री, गावडुक्कर आणि गावकोंबडा हे शेजारी शेजारी बसवले आहेत. नीट बघा, निषेध गावातल्या कोंबड्याचा आहे. गावातला कोंबडा उकिरड्यावर टोचतो, हे त्यामागचं कारण असावं असं मला वाटतं. म्हणजे ज्या गुणामुळे ती परसाला उपयोगी, त्याच गुणामुळे ती पंक्तीत नको! कांद्या-लसणानं पुढे बहुतेक सगळ्या स्वयंपाकघरांत प्रवेश मिळवला. कोंबडी मात्र मागच्या दाराशीच राहिली.

आमच्याच घरी बघा ना. आजी माळकरी. तिच्या स्वयंपाकघरात अंडं आलं नाही. पण कोंबड्या तिच्याच होत्या. अंडी गोळा करणार ती, मोजणार ती, विकणार ती. घरातल्या पोरांना खायचंच झालं तर परसात तीन दगडांची वेगळी चूल, वेगळं पातेलं, आणि ते घासायचंही बाहेरच. ती स्वतः अंड्याला तोंड लावत नसे, पण खुडूक झालेल्या कोंबडीला हाकलून कुणी अंडी काढली तर तिचा आवाज चार घरं ऐकत. माझ्या वयाच्या पुष्कळ वाचकांना अशी आजी आठवेल.

या परसाचं गणित फार पक्कं होतं. पावसाळ्याच्या तोंडावर बी टाकलं, की बोराटीच्या काट्यांचं कुंपण घालायचं आणि रोपं हातभर होईपर्यंत कोंबडीला आत पाऊल टाकू द्यायचं नाही. कोंबडीसारखा रोपांचा वैरी नाही, एका सकाळी ती मेथीचा वाफा साफ करते. वेल मांडवावर चढला, वांग्याची खोडं जून झाली, की मग काट्या सरकवायच्या. आता ती खालचे किडे, अळ्या, गोगलगायी टिपते आणि माती उकरून मोकळी करते. कोंबडीची शीट ओली असताना थेट मुळाशी घातली तर रोप करपतं, इतकी ती उष्ण. म्हणून खुराड्यातली घाण आधी उकिरड्यावर, शेणात आणि पाल्यात, आणि वर्षभरानं तिथलं खत वाफ्यात. चुलीतली राख तर दोघांना लागे. कोंबड्या राखेत लोळून पिसवा झाडत, आणि तीच राख मावा पडलेल्या पानांवर सकाळच्या दवात उधळली जाई. मोरीचं पाणी अळूला, भाजीची देठं आणि दळणाचा कोंडा कोंबडीला. विकत काहीच आणायचं नाही.

उत्पन्न म्हणाल तर थोडंच. गावरान कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देते. दहा-पंधरा अंडी झाली की खुडूक होऊन बसते. मग तिच्याखाली दहा-बारा अंडी ठेवायची आणि २१ दिवस वाट पाहायची. निघालेल्या पिल्लांतली निम्मी घार, मांजर, मुंगूस यांची. तरी जे उरे ते बाईचं असे, आणि मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती हीच गोष्ट. शेताचं उत्पन्न पुरुषाच्या हातात, दुधाचा हिशोब बहुधा सासऱ्याकडे. पण आठवडे बाजारात पदराखाली झाकून नेलेल्या डझनभर अंड्यांचे पैसे कुणी विचारत नसे. मीठ, बांगड्या, माहेरी जायचं एसटीचं भाडं त्यातून निघे. माझ्या वर्गातल्या एका मुलीची सहलीची वर्गणी दोन आठवडे थकली होती. ती देताना ती म्हणाली होती, "गुरुजी, कोंबडी खुडूक होती." आमच्या शाळेच्या पावतीपुस्तकात अर्थातच वर्गणी वडिलांच्या नावानं नोंदली गेली.

या बचतीवर एकच दरोडा पडे, मानमोडीचा. उन्हाळ्यात रोग शिरला की आठवड्यात गावातली खुराडी रिकामी. पुस्तकात याला राणीखेत म्हणतात, कारण भारतात तो पहिल्यांदा हिमालयातल्या राणीखेतला ओळखला गेला. (१९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीलाही आपले लोक मानमोडीच म्हणत. कोंबडीचा आणि माणसाचा आजार एकाच नावानं ओळखणाऱ्या त्या पिढीला पुढचं काही कळलं होतं की काय, असं वाटून जातं.)

स्वातंत्र्यानंतर सरकारचं लक्ष कोंबडीकडे गेलं, पण परसातल्या नव्हे. मुंबईच्या आरे वसाहतीसारख्या ठिकाणी सरकारी कुक्कुटपालन केंद्रं निघाली, इटलीचं नाव घेऊन आलेली पांढरी लेगहॉर्न आणि अमेरिकेची ऱ्होड आयलंड रेड आली. १९७१ मध्ये डॉ. बी. व्ही. राव यांनी वेंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली, १९८२ मध्ये अंडी उत्पादकांची समन्वय समिती उभी राहिली आणि दलालांनी ठरवलेल्या भावाऐवजी उत्पादकांनी आपला भाव जाहीर करायला सुरुवात केली. हे काम लहान नाही. अंडं गरिबाला परवडू लागलं ते यामुळेच, हे नाकारण्यात अर्थ नाही. पिंजऱ्यात कोंबडा नसतो, म्हणून ती अंडी निर्जीव, हा मुद्दाही अनेकांना पटला. महात्माजींनी १९४२ मध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असताना आरोग्यावर जे पुस्तक लिहिलं, त्यात त्यांनी म्हटलंच होतं, की दूध चालणाऱ्याला असं निर्जीव अंडं चालायला हरकत नसावी.

पण नवी कोंबडी वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देते ती काही फुकट नाही. तिच्यातला खुडूक होण्याचा गुणच काढून टाकला आहे. ती आई होत नाही. पिल्लं विकत आणायची, खाद्य विकत आणायचं, लस विकत आणायची. शेड बांधायला कर्ज लागतं, कर्जाला सातबारा लागतो, आणि सातबारा कुणाच्या नावावर असतो हे मी सांगायला नको. अंड्याचे पैसे पदरातून खिशात गेले ते असे.

सरकारला परसातली कोंबडी मोजता येत नाही असं मात्र नाही. दुसऱ्या महायुद्धात विलायतेत माणशी आठवड्याला जेमतेम एक अंडं मिळत होतं. तेव्हा तिथल्या सरकारनं लोकांना अंगणात भाजी लावा आणि कोंबड्या पाळा असं सांगितलं. रेशनवरचं अंडं सोडणाऱ्या कुटुंबाला त्याऐवजी कोंबडीचं पूरक खाद्य मिळे, ते घरातल्या उष्ट्या-खरकट्यात कालवून घालायचं. घराघरातल्या चार कोंबड्यांची सरकारदरबारी नोंद झाली, कारण गरज होती.

आपल्याकडे ती नोंद झाली २००६ मध्ये, आणि फार वाईट रीतीनं. नवापूर हे आमच्या नंदुरबार जिल्ह्याच्या टोकाचं गाव. त्याचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे. तिथे कोंबड्यांच्या मोठमोठ्या शेड उभ्या राहिल्या होत्या. १८ फेब्रुवारी २००६ रोजी भोपाळच्या प्रयोगशाळेचा निकाल जाहीर झाला. भारतातला पहिला बर्ड फ्लू नवापूरच्या शेडमध्ये सापडला होता. नियमाप्रमाणे तीन किलोमीटरच्या परिघातला प्रत्येक पाळीव पक्षी मारायचा होता. पांढऱ्या पोशाखातली पथकं आधी शेडमध्ये गेली, मग पाड्यांवर. लाखो पक्षी खड्ड्यांत पुरले गेले, अंडी आणि खाद्यही. माणसाला लागण झाल्याचं त्या साथीत निष्पन्न झालं नाही.

मी शास्त्राच्या विरोधात बोलत नाही. विषाणू शेड आणि खुराडं असा भेद करत नाही, आणि परिघ आखला की आत जे असेल ते जाणारच. मार्च २००६ मध्ये जळगाव जिल्ह्यात रोग निघाला तो तर परसातल्याच कोंबड्यांत. २००८ च्या जानेवारीत पश्चिम बंगालमध्येही तसंच झालं. तिथे सुमारे ४० लाख पक्षी मारावे लागले, आणि बायका कोंबड्या घरात लपवून ठेवत असल्याच्या बातम्या तेव्हा रोज येत होत्या. त्या बातम्यांत त्यांना अडाणी ठरवलं गेलं. मला ते पटलं नाही. भरपाई पक्ष्यामागे ठरते. शेडवाल्याच्या दहा हजार एकसारख्या पक्ष्यांचा हिशोब असा होऊ शकतो. पण पाड्यावरच्या बाईकडे असते ती दोन वर्षं राखलेली, घार ओळखणारी, दर खेपेला आठ पिल्लं जगवणारी एक कोंबडी. तिच्याऐवजी हातात ठेवलेल्या नोटांतून तशी कोंबडी कुठल्याच बाजारात मिळत नाही. आणि ते रिकामं परस पुन्हा भरायला किती पावसाळे गेले, हे लिहून ठेवणारं खातं कुठलंच नव्हतं. २०२१ मध्ये नवापूरला हे सगळं पुन्हा झालं.

तरी कोंबडी चिवट. बंगळुरूच्या कृषी विद्यापीठानं गिरिराजा काढली, हैदराबादच्या संशोधन संचालनालयानं वनराजा. दोन्ही मोकळ्या फिरणाऱ्या, जास्त अंडी देणाऱ्या. बचत गटांना त्यांची पिल्लं वाटली गेली. झाबुआच्या कडकनाथला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं (आणि पाठोपाठ त्याच्या नावानं लोकांना गंडवणाऱ्या योजनाही आल्या, असो). २०१९ च्या पशुगणनेत देशात ८५ कोटींवर कोंबड्या निघाल्या. त्यातल्या ३१ कोटी ७० लाख परसातल्या. सात वर्षांत व्यापारी कोंबड्या साडेचार टक्क्यांनी वाढल्या आणि परसातल्या जवळजवळ ४६ टक्क्यांनी! हा आकडा मी तीनदा वाचला.

आता शेवटचं, शाळामास्तर म्हणून. महाराष्ट्र शासनानं नोव्हेंबर २०२३ मध्ये शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरवलं. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा वेगळा निधी थांबवला आणि शाळांना सांगितलं, की अंडं द्यायचं तर लोकसहभागातून पैसे उभे करा. याच काळात शाळाशाळांतून परसबागा लावून घेतल्या जात होत्या, त्यांच्या स्पर्धाही होत होत्या. मी अशा दोन-तीन परसबागा पाहून आलो. मेथी, पालक, शेवगा, मुलांच्या हस्ताक्षरातल्या पाट्या, सगळं नीटनेटकं, भोवती काट्यांचं कुंपण. एका पाड्यावरच्या शाळेत मुख्याध्यापकांना विचारलं, की कुंपण एवढं दाट कशासाठी. ते म्हणाले, "सर, गावातल्या बायांच्या कोंबड्या येतात ना आत."