कोंबाचें सामर्थ्य

लासलगांवच्या श्रोत्यांस कोंब म्हणजे काय तें सांगावयास नको. चाळींतल्या कांद्यास कोंब फुटला कीं त्याचा भाव उतरलाच. तो फुटूं नये म्हणून भाभा अणुसंशोधन केंद्रानें २००२ सालीं लासलगांवींच ‘कृषक’ हें केंद्र उभारलें. तेथें गॅमा किरणांनीं कांद्याच्या पोटांतला अंकुर वाढीस असमर्थ केला जातो. ज्या अंकुरास आपण असें वैरी लेखतों, त्यानेंच दुसऱ्या एका पिकास कसें तारलें, तो इतिहास आज सांगावयाचा आहे.

तें पीक नांवानें परकें, पण आपल्या ताटांतलें आहे. एकादशीचा साबुदाणा ज्या कंदापासून होतो, तो हा टॅपिओका किंवा कसावा. मूळचा दक्षिण अमेरिकेंतला हा कंद पोर्तुगीजांच्या मार्गें केरळांत आला, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत त्रावणकोरचे महाराज विशाखम् तिरुनाळ यांच्या उत्तेजनानें तेथील गरिबांचें अन्न झाला.

कसाव्याची लागवड खोडाच्या कांड्यांनीं करितात. परंतु आईच्या अंगचा रोग कांड्याबरोबर लेकरांत उतरतो. मोझॅक नांवाच्या विषाणुरोगानें पानें पिवळीं व वेडींवांकडीं होतात आणि कंद घटतो. शेतकरी आपल्याच हातानें पुढील वर्षाचा रोग पेरीत असे.

यावर उपाय काय? वनस्पतीची एकटी पेशी पोषकद्रवांत वाढवावी, ही कल्पना हाबरलांट यांनीं १९०२ सालीं मांडली. त्यांना यश आलें नाहीं. पुढें १९५२ सालीं फ्रान्समध्यें मोरेल व मार्टिन यांनीं रोगट डेलियाच्या शेंड्याचा सूक्ष्म अंकुर वाढवून निरोगी झाड मिळविलें. विषाणु रसवाहिन्यांतून प्रवास करितो. अगदीं टोंकाशीं त्या वाहिन्या अजून तयारच झालेल्या नसतात, म्हणून तें टोंक बहुधा निर्मळ राहतें. १९७४-७५ मध्यें कॅनडांत कार्था व गॅम्बोर्ग यांनीं हीच युक्ति कसाव्यावर साधली. अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान अंकुर, साखर, क्षार आणि संप्रेरकें घातलेलें पोषकद्रव्य, व एक कांचेची नळी, एवढ्यावर मोझॅकमुक्त रोप उभें राहिलें. त्याचे पेरापेराशीं तुकडे करून एकाचीं अनेक रोपें होऊं लागलीं.

मात्र निरोगी म्हणजे अभेद्य नव्हे. शेतांत पांढरी माशी तोच रोग पुन्हां आणूं शकते. राखण चुकत नाहीं.

आपल्या जळगांवकडे मुनव्यांऐवजीं ऊतिसंवर्धित केळीचीं रोपें लावणाऱ्यांस ही विद्या आतां घरची झाली आहे. कांद्याचा कोंब थोपवावा, कसाव्याचा जोपासावा. कोंब मुळांत वैरीही नव्हे आणि मित्रही नव्हे. लावण्यापूर्वीं त्याच्या पोटांत काय आहे तें पाहणें, एवढेंच माणसाचें काम आहे.