परत द्यावयाचें मूल

आमच्या परिचयाच्या एका दांपत्यानें गेल्या वर्षीं सात वर्षांच्या एका मुलीस कांहीं काळ आपल्या घरीं सांभाळण्याचें पत्करिलें. मुलीची आई हयात आहे. ती दीर्घ आजारांतून उठली कीं मुलगी तिच्याकडे जावयाची. ही हकीकत ज्यानें ज्यानें ऐकिली त्यानें एकच प्रश्न केला, ‘मग दत्तकच कां घेत नाहीं?’ आपल्या समाजास हा प्रश्न सुचावा हें साहजिक आहे. दत्तविधानानें मूल कुळाचें होतें, नांव लावतें, वारसा घेतें. त्यावर आमच्या धर्मशास्त्रकारांनीं ग्रंथ लिहिले, न्यायालयांनीं निवाडे दिले. आणि दत्तक नामंजूर होऊन १८४८ सालीं सातारचें व १८५४ सालीं झांशीचें राज्य बुडालें, हें शाळेंतील मुलांसहि ठाऊक असतें. परंतु परक्याचें मूल केवळ वाढवावयाचें, त्यावर हक्क सांगावयाचा नाहीं आणि वेळ आली म्हणजे तें परत द्यावयाचें, ह्या व्यवहारालाहि इतिहास आहे. त्याचा दोन शतकांहून अधिक काळ चाललेला एक भाग लंडनच्या एका संस्थेच्या दप्तरांत जतन झाला आहे. तो वाचकांपुढें ठेवावा असें आम्हांस वाटलें.

टॉमस कोरम हा जहाजाचा कप्तान. अमेरिकेंत जहाजें बांधण्याचा धंदा करून तो स्वदेशीं परतला, तेव्हां रॉदरहाइथहून शहरांत जातां-येतां त्यास रस्त्याच्या कडेला टाकलेलीं अर्भकें दिसूं लागलीं. सतरा वर्षें त्यानें सरदार-दरकदारांचे उंबरठे झिजविले, आणि १७३९ सालीं दुसऱ्या जॉर्ज राजाची सनद मिळविली. २५ मार्च १७४१ च्या रात्रीं हॅटन गार्डनमधील एका घराचें दार उघडलें आणि तीस मुलें आंत घेण्यांत आलीं. संस्थेचें नांव फाउंडलिंग हॉस्पिटल; मात्र येथें ‘हॉस्पिटल’ म्हणजे रुग्णालय नव्हे, आश्रयगृह. पुढें मुलें घेऊन येणाऱ्या आयांची इतकी गर्दी होऊं लागली कीं, पिशवींतून रंगीत चेंडू काढावयास लावून निवड करण्याची पद्धत पडली. पांढरा चेंडू निघाला तर मूल आंत, काळा निघाला तर आईनें आल्या वाटेनें परत जावें, तांबडा निघाला तर थांबावें. ह्या सोडतीची हकीकत इंग्रजी ग्रंथकार मोठ्या रसानें सांगतात. आम्हांस मात्र पुढच्या दिवसांत काय घडे तें अधिक महत्त्वाचें वाटतें.

मुलाचा बाप्तिस्मा होऊन त्यास नवें नांव मिळे, गळ्यांत क्रमांकाची शिशाची चकती बांधली जाई, आणि तें खेड्यांत एखाद्या बाईच्या स्वाधीन होई. ह्या बाईस आम्ही येथें उपमाता म्हणतों. आरंभीं चालकांनीं कांहीं मुलांना संस्थेंतच वरच्या अन्नावर वाढवून पाहिलें; तीं मोठ्या संख्येनें दगावलीं. अंगावर पिणारें आणि खेड्यांतील हवेंत असलेलें मूल त्या मानानें तगतें, हें लवकरच कळून आलें. संस्थेशीं संबंध असलेल्या डॉक्टर विल्यम कॅडोगन यांनीं बालसंगोपनावर आपला निबंध प्रसिद्ध केला तो १७४८ सालीं. सरे, केंट, एसेक्स ह्या परगण्यांतील मजुरांच्या व लहान शेतकऱ्यांच्या बायका ह्या कामावर होत्या. त्यांस आठवड्याचें वेतन व मुलाचे कपडे मिळत. गांवोगांवीं एकेक निरीक्षक असे. कोठें धर्मोपदेशक, कोठें एखादी सुखवस्तु घराण्यांतील बाई. हे लोक विनावेतन काम करीत. वेतन पोंचविणें, आजाराची खबर लंडनला लिहिणें, हेळसांड दिसली तर मूल दुसरीकडे हलविणें, हें सर्व त्यांजकडे असे. चिझिक येथें हें काम विख्यात चित्रकार विल्यम होगार्थ पाही. त्या निपुत्रिक पतिपत्नींनीं स्वतःच्या घरींहि अशीं मुलें ठेविलीं होतीं.

१७५६ ते १७६० ह्या काळांत पार्लमेंटनें पैसा देऊन सरसकट सर्व मुलें घ्यावयास लाविलें. त्या चार वर्षांत सुमारे पंधरा हजार मुलें आलीं, आणि त्यांतील जेमतेम साडेचार हजार धंदा शिकण्याच्या वयापर्यंत जगलीं. इतक्या उपमाता एकाएकीं आणावयाच्या कोठून? मुलें यॉर्कशायरपर्यंत धाडावीं लागलीं. दया उदंड होती; घरें नव्हतीं.

आतां मुख्य गोष्टीकडे येतों. मूल पांच वर्षांचें झालें, म्हणजे तें लंडनला परत न्यावयाचें असा नियम होता. चालकांच्या मतें उपमातेचें काम शरीर पोसण्याचें. तें संपलें कीं शिस्त, अक्षरओळख आणि पुढें मुलांस धंदा व मुलींस घरकाम, ह्यासाठीं संस्था. हिशेब चोख होता. फक्त पांच वर्षें एका घरांत निजलेल्या, त्या घरांतल्या बाईस आई म्हणून हांक मारणाऱ्या मुलाचें मन त्यांत कोठेंच धरलेलें नव्हतें. परत जाण्याच्या दिवसापर्यंत ही आपली आई नव्हे हें पुष्कळ मुलांना ठाऊकहि नसे. कांहीं कुटुंबांनीं पुढें त्याच मुलास उमेदवार म्हणून मागून घेतलें. इतरांस तें साधलें नाहीं. गोकुळांतून अक्रूराचा रथ एकदांच निघाला. ह्या खेड्यांत तो दर वर्षीं येत असे.

विशेष हें कीं, हा नियम विसाव्या शतकापर्यंत टिकला. विसाव्या शतकांतील विद्यार्थ्यांनीं वृद्धपणीं सांगितलेल्या आठवणी उपलब्ध आहेत: अंगावरचे कपडे काढून घेतले, केस कापले, सर्वांसारखा पोशाख दिला, आणि रात्रीं लांबच लांब दालनांत कोणाच्याहि हांकेस उत्तर आलें नाहीं. संस्थेंतील निवासी शाळा १९५४ सालीं बंद झाली. मातेचा वियोग मुलाच्या मनास काय करतो ह्याविषयींचा जॉन बोल्बी यांचा अहवाल जागतिक आरोग्य संघटनेनें त्याआधीं तीनच वर्षें, १९५१ त, छापला होता.

ह्यावरून घर तेवढें चांगलें आणि संस्था वाईट, असा निष्कर्ष कोणी काढील तर तोहि फसेल. जानेवारी १९४५ मध्यें श्रॉपशायरमधील एका शेतघरांत डेनिस ओनील हा बारा वर्षांचा मुलगा मारहाणीनें व उपासमारीनें मेला. सरकारनेंच त्यास पालनासाठीं तेथें ठेविलें होतें, आणि देखरेखीचें काम दोन स्थानिक अधिकारमंडळांच्या मध्यें पडून राहिलें होतें. अठराव्या शतकांतील निरीक्षक घरीं जाऊन मूल पाही. येथें वेळेवर पाहणारें कोणी नव्हतें. १९४८ चा इंग्लंडांतील बालविषयक कायदा ह्या व अशा प्रकरणांनंतर आला.

आपल्याकडे बालन्याय कायदा, २०१५, ह्याच्या चव्वेचाळिसाव्या कलमानें हा व्यवहार मान्य केला आहे. मूल घरीं ठेवण्याचा आदेश बालकल्याण समिति देते. समितीनें दरमहा घराची तपासणी करावयाची. हिताविरुद्ध नसेल तर जन्मदात्यांस मुलाची भेट द्यावयाची, आणि त्यांची स्थिति सुधारली तर मूल त्यांजकडे जावयाचें. पालन करणाऱ्यांनीं शाळा, औषधपाणी आणि नित्याचा सांभाळ पाहावयाचा. जुन्या लंडनच्या नियमाशीं तुलना केली तर फरक असा कीं, येथें मुलास आपली आई कोण हें ठाऊक असतें. आमच्या त्या स्नेह्यांच्या घरीं मुलगी त्यांना काका-काकू म्हणते. आई हा शब्द तिच्या आईसाठीं राखला आहे, आणि तो राखावा असें काकूंनींच तिला पहिल्या आठवड्यांत सांगितलें. हें सांगून झाल्यावर आपण स्वयंपाकघरांत जाऊन रडलों, असेंहि त्या आम्हांस म्हणाल्या.

लंडनमध्यें ब्रन्झविक चौकांत त्या जुन्या संस्थेचें संग्रहालय २००४ पासून आहे. मूल सोडतांना आयांनीं ओळख पटावी म्हणून ठेवलेल्या खुणा तेथें कांचेखालीं मांडल्या आहेत: अर्धें नाणें, फितीचा तुकडा, एक रिकामें हेझलफळाचें कवच. पाहणारे त्यांच्यापुढें बराच वेळ उभे राहतात. उपमातांच्या नोंदी निराळ्या वह्यांत आहेत. बाईचें नांव, गांव, मुलाचा क्रमांक, वेतन पोंचलें, मूल परत केलें.