रत्नागिरी जिल्ह्यातील चर्मवाद्ये : आकार, कातडे आणि नाद

प्रास्ताविक :
चर्माच्छादित वाद्यांना भारतीय संगीतशास्त्रात 'अवनद्ध' ही संज्ञा आहे. भरताच्या नाट्यशास्त्रातील कथेनुसार, कमळाच्या लहान, मध्यम व मोठ्या पानांवर पडणाऱ्या पावसाचे भिन्न ध्वनी ऐकून स्वाती मुनींना पुष्कर वाद्ये सुचली. आकारानुसार नाद बदलतो, हे तत्त्व या कथेत सूचित झाले आहे. रत्नागिरी जिल्ह्याच्या वाद्यपरंपरेत या तत्त्वाला हवामानाचीही जोड मिळालेली दिसते.

विवेचन :
पडद्याचा व्यास दुप्पट केल्यास स्वर निम्म्यावर येतो; ताण चौपट केल्यास तो दुप्पट होतो. शिमग्यातील पालखीपुढे वाजणारा ताशा याचे उत्तम उदाहरण होय. उथळ, मातीचे वा तांब्याचे भांडे, त्यावर ताणलेले बकऱ्याचे पातळ कातडे आणि वेताच्या बारीक काड्या यांमुळे त्याचा तीव्र नाद मोकळ्या मैदानातही ढोलाच्या घुमाऱ्यातून वेगळा उमटतो. नमन-खेळ्यांतील मृदंगाची गरज निराळी असते. तेथे गायनाला साथ द्यावयाची असल्याने नादाला निश्चित स्वर हवा. मृदंगाच्या उजव्या मुखावरील शाईमुळे उपस्वर सुसंवादी होतात, हे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० मध्ये शिवकाली कुमार यांच्यासह व १९३४ मध्ये स्वतंत्र निबंधातून दाखविले. डाव्या मुखावरील कणकेचा लेप स्वर खाली आणतो. ताशाला शाई नसल्याने त्याचा स्वर निश्चित नसतो, मात्र लय ठळक होते.

जिल्ह्याचे वार्षिक पर्जन्यमान ३००० मिलिमीटरहून अधिक आहे. फाल्गुनातील शिमग्यात कोरडे असणारे कातडे भाद्रपदातील गणेशोत्सवात ओलाव्याने सैल पडते. म्हणून ताशा विस्तवावर शेकण्याची रीत रूढ झाली. शेक किती द्यावा, हे वादक कानाने ठरवीत. अमेरिकेत १९५० च्या दशकात प्लास्टिकचे पडदे व्यापारी स्वरूपात प्रचारात आले. पुढे ते महाराष्ट्रातील ढोल-ताशांवरही चढले. हे पडदे ओलाव्याने सैल पडत नाहीत. परंतु कातड्याचा मृदू घुमारा त्यांत उतरत नाही.

निष्कर्ष :
प्लास्टिकमुळे सोय झाली हे नाकारता येत नाही. तथापि कातड्याची निवड, त्याची जाडी व शेक यांविषयीचे ज्ञान ग्रंथांपेक्षा वादकांच्या हातांत व कानांत अधिक टिकून आहे. ते लोप पावण्यापूर्वी गावोगावच्या वाद्यांची मापे व ध्वनिमुद्रणे संगृहीत होणे आवश्यक आहे. इतिहास व भौतिकशास्त्र विभागांनी हे कार्य संयुक्तपणे हाती घेणे उचित ठरेल.