अर्थशास्त्राचे उच्च शिक्षण : यवतमाळ जिल्हा

यवतमाळ जिल्ह्यातील अर्थशास्त्राचे महाविद्यालयीन अध्यापन आणि त्यातून निघणाऱ्या नोकरी-व्यवसायाच्या वाटा. जिल्ह्यातील महाविद्यालये संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या कक्षेत येतात. १९८३ मध्ये हे विद्यापीठ निघण्यापूर्वी हा सगळा भाग नागपूर विद्यापीठाकडे (स्थापना १९२३) होता. यवतमाळचे अमोलकचंद, वणीचे लोकमान्य टिळक, पुसदचे फुलसिंग नाईक ही येथील परिचित महाविद्यालये. कला शाखेत अर्थशास्त्र प्रामुख्याने मराठीतून शिकले जाते आणि राज्यशास्त्र, समाजशास्त्र, इतिहास यांच्या जोडीने घेतले जाते. सूक्ष्म व स्थूल अर्थशास्त्र, सार्वजनिक आयव्यय, बँकिंग, भारतीय अर्थव्यवस्था हा त्याचा नेहमीचा ऐवज. गणिताला त्यात जागा थोडी, आणि पुढच्या बऱ्याच अडचणींचे मूळ तिथेच आहे.

पुस्तकातले सिद्धांत पडताळायला मात्र येथील विद्यार्थ्याला लांब जावे लागत नाही. कापसाचा भाव घ्या. एका क्विंटल कापसातून जिनिंगमध्ये साधारण ३३ ते ३५ किलो रुई निघते. उरलेली बहुतेक सरकी. म्हणून व्यापारी भाव बोलताना रुईच्या गाठीइतकेच लक्ष सरकीच्या व ढेपेच्या बाजाराकडे ठेवतो. सरकी पडली की कापूसही उतरतो. संयुक्त उत्पादनाचे प्रकरण याहून सोपे करून सांगता येणार नाही. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये ठरला, पण भारतीय कापूस महामंडळाच्या केंद्रावर तो पूर्ण हवा तर ओलावा ८ टक्क्यांवर जाता कामा नये. त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत भाव कापून खरेदी होते, त्याहून ओला कापूस परत. दिवाळीच्या सुमारास पैशाची नड असलेला शेतकरी पहिल्या वेचणीचा दमट कापूस खेडा खरेदीवाल्याला देऊन मोकळा होतो, तो का, हे किमान किमतीची आलेख-रेषा सांगत नाही. राज्यात १९७२ पासून तीन दशके चाललेली कापूस एकाधिकार खरेदी योजना ही याच प्रश्नावरची दुसरी मोठी परीक्षा. त्या योजनेच्या मांडवाखालून गेलेली पिढी गावोगाव अजून आहे. तिच्याशी बोलून एखादा चांगला प्रकल्प सहज उभा राहतो.

अर्थशास्त्राच्या वाङ्मयात यवतमाळचे नाव आले ते प्रामुख्याने शेतकरी आत्महत्यांमुळे. टाटा समाजविज्ञान संस्थेचा २००५ चा आणि इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेचा श्रीजित मिश्र यांनी लिहिलेला २००६ चा, हे त्यांवरचे महत्त्वाचे अहवाल. दोन्ही संस्था मुंबईच्या. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भाच्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले, त्यात यवतमाळ होते. मदतीचा लाभ तपासणारा अहवाल २००८ मध्ये नरेंद्र जाधव यांनी दिला. प्रादेशिक अनुशेषाचा हिशेब वि. म. दांडेकर समितीने १९८४ मध्ये मांडला, विजय केळकर समितीने २०१३ मध्ये. म्हणजे या जिल्ह्यावरचे वजनदार अर्थशास्त्रीय लेखन बाहेरून आले. स्थानिक महाविद्यालयांच्या वाट्याला भाषा, माणसे आणि शेत यांची जवळीक आली. ती अभ्यासात पुरेशी उतरलेली नाही, असेच म्हणावे लागते.

पदवीनंतर ओढा असतो तो स्पर्धा परीक्षांकडे. तलाठी, राज्यसेवा, बँका या सगळ्या परीक्षांना कोणतीही पदवी चालते; अर्थशास्त्र घेतलेल्याला सामान्य अध्ययनातला अर्थव्यवस्थेचा भाग तेवढा हलका जातो. एम.ए. आणि बी.एड. असेल तर कनिष्ठ महाविद्यालयात शिकवता येते. वरिष्ठ महाविद्यालयासाठी नेट किंवा सेट लागते, आणि ती मिळूनही पूर्णवेळ पदाची वाट पाहत सीएचबीवर, म्हणजे तासागणिक मानधनावर, तासिका घेणारे कमी नाहीत. विषयाला थेट मोल देणारी, तरी विद्यार्थ्यांना कमी ठाऊक असलेली जागा म्हणजे राज्याचे अर्थ व सांख्यिकी संचालनालय. अन्वेषक, सांख्यिकी सहायक अशी पदे तिथे असतात. त्याचे जिल्हा कार्यालय जिल्ह्याचे सामाजिक व आर्थिक समालोचन काढते. सोळा तालुक्यांची लोकसंख्या, पेरा, सिंचन, पतपुरवठा यांची कोष्टके त्यात एका जागी सापडतात. पदवीच्या वर्गात ते उघडून बसले तरी सांख्यिकीची निम्मी भीती जाईल. नाबार्ड, ग्रामीण पतपुरवठा, ‘उमेद’ या राज्य ग्रामीण जीवनोन्नती अभियानाचे बचत गट, पीकविमा ही कामेही याच पट्ट्यातली. वणी भागात कोळसा आणि यवतमाळच्या औद्योगिक वसाहतीत डेनिमचे कापड आहे, पण तेथील कचेऱ्यांना वाणिज्य पदवीधर अधिक सोयीचा वाटतो.

त्यापुढची शिडी चढायला गणित आणि इंग्रजी लागते. भारतीय अर्थ सेवेची परीक्षा केंद्रीय लोकसेवा आयोग घेतो. वय २१ ते ३०, अर्थशास्त्रातील पदव्युत्तर पदवी आवश्यक, आणि उत्तरे इंग्रजीतूनच लिहावी लागतात. रिझर्व्ह बँकेच्या संशोधन विभागातील अधिकारीपदाला किंवा पुण्याच्या गोखले संस्थेच्या (स्थापना १९३०) एम.ए.च्या प्रवेशाला बसणाऱ्याची गाठ कलन, संभाव्यता, अर्थमिती यांच्याशी पडते. बारावी कलेत गणित सोडलेल्या मुलीला किंवा मुलाला ते पदवीच्या पहिल्याच वर्षापासून वेगळे करावे लागते, एम.ए.ला गेल्यावर हाती घेतले तर उशीर झालेला असतो. नव्या शैक्षणिक धोरणात मुख्य विषयासोबत गौण विषय निवडायची सोय आहे. महाविद्यालयात शिक्षक उपलब्ध असेल तर ती जागा गणिताला किंवा सांख्यिकीला देणे सर्वांत फायद्याचे.