बोलाल तेवढंच तुमचं: ब्रिजच्या संकेतांची कुळकथा

ब्रिजच्या इतिहासात पुण्याच्या नावावर एक नोंद आहे. १९१२ साली तिथल्या काही इंग्रज खेळाडूंनी तेव्हाच्या ब्रिजचा एक नियम बदलला. जेवढे हात करीन असं आधी बोलाल, तेवढेच डावाच्या हिशेबात धरायचे, असं त्यांनी ठरवलं. या प्रकाराला त्यांनी एस.ए.सी.सी. असं नाव दिलं. त्यांच्यातले एक मुलकी अधिकारी, ह्यू क्लेटन, यांनी १९१४ मध्ये ‘टाइम्स ऑफ इंडिया’त लेख लिहून त्याची माहिती दिली. कॉन्ट्रॅक्ट ब्रिज जगभर पसरायला अजून दहा-बारा वर्षं होती. पण त्या खेळाचा प्राण असलेला नियम पुण्यातल्या पत्त्यांच्या टेबलावर आधीच खेळून पाहिला गेला होता. ब्रिजमधले स्टेमन, ब्लॅकवुड, ट्रान्सफर असे सगळे संकेत या एका नियमाच्या पोटी जन्मले, असं माझं म्हणणं आहे.

मूळ पुरुष व्हिस्ट. चार खेळाडू, समोरासमोरचे भिडू, प्रत्येकाला तेरा पानं. वाटणाऱ्याचं शेवटचं पान उघडं करायचं आणि ते ज्या रंगाचं असेल तो हुकूम. बोली नाहीच. त्यामुळे सगळं कसब पानं खेळण्यात होतं. १७४२ मध्ये एडमंड हॉईल यांनी लंडनमध्ये व्हिस्टवर छोटं पुस्तक काढलं आणि पत्ते अभ्यासाचा विषय झाले. आज ब्रिजमध्ये पानं खेळण्याच्या ज्या युक्त्या शिकवतात, त्यातल्या कितीतरी व्हिस्टच्या काळातल्या आहेत. ‘बाथ कू’ हे त्यातलं एक जुनं नाव, इंग्लंडमधल्या बाथ शहरावरून पडलेलं. विरोधकाने राजा उतरला, त्याच्याकडे राणीही आहे आणि तुमच्याकडे एक्का, गुलाम आणि एक लहान पान आहे. नवशिका लगेच एक्क्याने राजा मारतो. जाणता लहान पान टाकून तो हात सोडून देतो. विरोधकाने पुन्हा तोच रंग खेळला, की एक्का आणि गुलाम दोघांचेही हात होतात.

दुसरा वारसा ‘अकराच्या नियमा’चा. रॉबर्ट फॉस्टर यांनी तो १८८९ च्या सुमारास मांडला. उतारी करताना लांब रंगातलं वरून चौथं पान टाकायचं, असा रिवाज होता आणि आजही आहे. समजा भिडूने सत्ती उतरली. अकरातून सात वजा करा, उरले चार. म्हणजे त्या रंगात सत्तीपेक्षा मोठी पानं बाकीच्या तीन हातांत मिळून चारच आहेत. यात जादू नाही, साधा हिशेब आहे. एक्का चौदावा धरला तर सत्तीच्या वर सात पानं असतात. सत्ती भिडूचं चौथं पान, म्हणजे तीन मोठी पानं त्याच्याच हातात. सातातून तीन गेले, राहिले चार. त्यातली डमीची (भिडूचा टेबलावर उघडा मांडलेला हात) आणि आपली मोजली, की लपलेल्या हातात काय आहे ते कळतं. एका पानातून भिडूला एवढं सांगता येतं, ही समज बोलीच्या संकेतांपेक्षा जुनी आहे. पुढचे संकेत याच समजेवर उभे राहिले.

१८८६ मध्ये लंडनमध्ये ‘बिरिच’ नावाच्या खेळाची चार पानी पुस्तिका छापली गेली. ब्रिजच्या नियमांचा हा सर्वांत जुना ज्ञात छापील पुरावा. त्यात एका भिडूचा हात डमी म्हणून टेबलावर उघडा मांडायचा होता, हुकूम न ठेवता म्हणजे नो ट्रम्प खेळण्याची सोय होती आणि विरोधकांना गुण दुप्पट करता येत होते. पण हुकूम वाटणारा किंवा त्याचा भिडूच ठरवायचा. चौघांनीही चढाओढीने बोलायचं, ही कल्पना विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आली. तिचं श्रेयही हिंदुस्थानातल्या इंग्रज अधिकाऱ्यांना दिलं जातं. आडगावच्या ठाण्यावर चौथा भिडू मिळत नसे, तेव्हा तिघांत उघडा हात कोणी घ्यायचा याचा लिलाव सुरू झाला, अशी परंपरेने सांगितलेली हकीकत आहे. अलाहाबादेत ‘जॉन डो’ या टोपणनावाने ऑक्शन ब्रिजवर पुस्तकही निघालं.

या ऑक्शन ब्रिजमध्ये एक उणीव होती. दोन बदाम बोलून कोणी चार बदामांएवढे हात केले, तर चारांचे गुण मिळत. मग वर बोलायचं कशाला? स्वस्तात हुकूम मिळवायचा आणि जमतील तेवढे हात गोळा करायचे. भिडूच्या हातात नेमकं काय आहे, हे विचारायची गरज फारशी पडत नसे. पुण्याच्या खेळाडूंनी ही उणीव नेमकी हेरली. पहिल्या महायुद्धानंतर फ्रान्समध्ये ‘प्लाफाँ’ नावाने रुजलेल्या खेळातही बोललेलेच हात डावाला धरत. १९२५ च्या शरदात अमेरिकेतले हॅरल्ड व्हँडरबिल्ट लॉस एंजेलिसहून पनामा कालव्यामार्गे हॅवानाला जाणाऱ्या ‘फिनलंड’ बोटीवर होते. प्रवासात त्यांनी या तत्त्वाला गुणांची नवी मांडणी जोडली. स्लॅमला, म्हणजे बारा किंवा तेरा हात बोलून करण्याला, भरघोस बक्षीस ठेवलं. एक गेम जिंकलेल्या जोडीला मोठा दंड आणि मोठा लाभ, असा नियम केला. १९२७ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिस्ट क्लबने नियम छापले आणि दोन-तीन वर्षांत ऑक्शन ब्रिज मागे पडला.

मांडणी अशी: बोली सहा हातांच्या वरच्या हातांची असते. डावाला, म्हणजे गेमला, शंभर गुण लागतात. इस्पिक आणि बदामाचा प्रत्येक हात तीस गुणांचा, म्हणून गेमसाठी चार बोलावे लागतात. किलवर-चौकटचा वीसचा, म्हणून पाच. नो ट्रम्पचा पहिला चाळीसचा आणि पुढचे तीसचे, म्हणून तीन. आता नुसते हात करून भागत नाही. ते होणार हे पानं खेळण्याआधी कळावं लागतं. आपली तेरा पानं दिसतात, भिडूची दिसत नाहीत, आणि बोलायला जागा मोजकी. या अडचणीतून संकेत निघाले.

स्टेमनचंच बघू. भिडूने ‘एक नो ट्रम्प’ बोललं. एक्क्याचे चार, राजाचे तीन, राणीचे दोन, गुलामाचा एक, या हिशेबाने त्याच्याकडे पंधरा ते सतरा गुण आहेत आणि चारही रंग साधारण सारखे आहेत. हा हिशेब मिल्टन वर्क यांनी लोकांत नेला आणि १९४९ नंतर चार्ल्स गोरेन यांनी घराघरांत पोहोचवला. आता तुमचा हात: इस्पिक राजा, गुलाम, नव्वी, तिर्री, बदाम एक्का, सत्ती, दुर्री, चौकट राणी, दश्शी, चौकी, पंजी, किलवर अठ्ठी, छक्की. दहा गुण. दोघांचे मिळून निदान पंचवीस, म्हणजे गेम आहे. पण कोणता? तीन नो ट्रम्प खेळलात आणि विरोधकांकडे पाच किलवर सलग निघाले, तर डाव बुडाला. भिडूकडेही चार इस्पिक असतील तर इस्पिक हुकूम करावा, कारण तिसऱ्या किलवरला तुम्ही हुकूम मारू शकता. म्हणून तुम्ही ‘दोन किलवर’ बोलता. त्याचा किलवरशी संबंध नाही. तो प्रश्न आहे: बदाम किंवा इस्पिक चार आहेत का? ‘दोन इस्पिक’ उत्तर आलं की ‘चार इस्पिक’ बोलायचं. ‘दोन चौकट’ किंवा ‘दोन बदाम’ आलं तर तीन नो ट्रम्प. सर्वांत खालची बोली प्रश्नासाठी खर्च केली, म्हणून उत्तराला जागा उरली. ही युक्ती जॉर्ज रापे यांची, पण जून १९४५ च्या ‘ब्रिज वर्ल्ड’ मासिकात तिच्यावर लेख लिहिला त्यांचे भिडू सॅम्युअल स्टेमन यांनी, आणि नाव त्यांचं पडलं. इंग्लंडमध्ये जॅक मार्क्स यांनाही ती स्वतंत्रपणे सुचली होती.

व्हँडरबिल्ट यांनी स्लॅमला बक्षीस ठेवलं आणि त्यातून पुढचा प्रश्न आला: विरोधकांकडे दोन एक्के तर नाहीत ना? इंडियानापोलिसचे विमा व्यावसायिक ईझली ब्लॅकवुड यांनी १९३३ मध्ये ‘चार नो ट्रम्प’ बोलून भिडूला एक्के विचारायची पद्धत लिहून पाठवली. ‘ब्रिज वर्ल्ड’ मासिकाने ती छापली नाही. खेळाडूंनी मात्र तोंडोतोंडी ती जगभर नेली. भिडूचा भक्कम हात झाकलेला राहावा आणि उतारी त्याच्याकडे यावी, यासाठी आपण खालच्या रंगाची बोली करून वरचा रंग त्याच्या तोंडी घालायचा, हा ट्रान्सफर. ऑस्वाल्ड जॅकोबी यांनी तो १९५६ मध्ये अमेरिकेत मांडला. स्वीडनमध्ये ओले विल्नर त्यावर आधीच लिहून गेले होते. एकच अडचण दोन देशांत दोघांना पडली आणि दोघे एकाच उत्तराला पोचले.

बोली जशी बारीक होत गेली, तसं पानं खेळणंही बदललं. समजा डमीत एक्का, राणी, गुलाम आहेत आणि राजा विरोधकांपैकी कोणाकडे तरी आहे. बोली नसती तर निम्मीनिम्मी शक्यता. पण विरोधकांकडे मिळून चौदाच गुण आहेत आणि त्यातल्या एकाने बारा गुणांची हमी देणारी बोली केली आहे. दुसऱ्याकडे दोनच गुण उरले. राजा तीन गुणांचा, तो त्याच्याकडे असू शकत नाही. म्हणून राजा बोलणाऱ्याकडेच धरून फिनेस करायचा, म्हणजे एक्का राखून राणी-गुलामाने हात काढून पाहायचा, की दुसरी वाट शोधायची, हे ठरतं. विरोधकाने स्वतःच्या भिडूसाठी दिलेली माहिती आपल्याही कामाला येते, कारण ती उघडपणे दिलेली असते.

हा उघडेपणा हीच ब्रिजची मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट आहे. तुमच्या जोडीने ठरवलेला प्रत्येक संकेत विरोधकांना विचारता येतो आणि तुम्हाला सांगावा लागतो. चोरटी खूण म्हणजे फसवणूक. म्हणून स्वीडनमधून आलेल्या बोलीच्या पेट्या वापरात आल्या, ज्यात तोंडाने न बोलता छापील पान पुढे ठेवतात. म्हणून १९७५ पासून जागतिक स्पर्धांत भिडूंच्या मध्ये पडदा आला. शिवाय डुप्लिकेट पद्धतीत तीच वाटलेली पानं सगळ्या टेबलांवर फिरतात. पान चांगलं आलं, हे जिंकण्याचं कारण राहत नाही. १९६७ मध्ये रमीचा निवाडा करताना सर्वोच्च न्यायालयाने रमीतला नशिबाचा भाग ब्रिजच्या वाटपातल्यासारखाच आहे असं म्हटलं आणि रमीला कौशल्याचा खेळ ठरवलं. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ब्रिज पहिल्यांदा आला, तेव्हा प्रणव वर्धन आणि शिवनाथ सरकार यांनी पुरुष दुहेरीत भारताला सुवर्णपदक मिळवून दिलं.

आपल्याकडे तर या खेळाची तयारी घरोघरी झालेली असते. पाच-तीन-दोनमध्ये किती हात करायचे ते आधी ठरलेलं असतं. जजमेंटमध्ये बोललेले हात नेमके झाले तरच गुण मिळतात. मेंढीकोटात भिडूची मेंढी वाचवायला कोणता हात सोडायचा, हे पोरंसोरंही शिकतात. अंबरनाथच्या पालेगावपासून बदलापूरपर्यंतच्या नव्या वसाहतींतून रोज मुंबई गाठणारे कितीतरी जण लोकलमध्ये मेंढीकोट आणि रमी रंगवतात. हुकूम कधी मारायचा, रंग कधी तोडायचा, कोणती पानं पडून गेली, हे त्यांच्या बोटांवर असतं. ब्रिजचा अर्धा अभ्यास इथेच झालेला आहे. राहिली ती बोली.

म्हणून या मंडळींना माझं सांगणं आहे: ब्रिज अवघड म्हणून बाजूला ठेवू नका. चार जण आणि पत्त्यांचा एक जोड पुरतो. सुरुवातीला गुण मोजा, डमी मांडा आणि साध्या बोलीवर खेळा. गेम चुकू लागले की स्टेमन घ्या, स्लॅम बुडू लागले की ब्लॅकवुड घ्या. कोणताही संकेत त्याचा प्रश्न टेबलावर पडण्याआधी पाठ करू नका.