जेम्स क्लार्क रॉस आणि चुंबकीय ध्रुवांचा शोध

ब्रिटिश नौदलातील अधिकारी जेम्स क्लार्क रॉस यांचा जन्म १८०० साली लंडनमध्ये झाला. बाराव्या वर्षी ते काका जॉन रॉस यांच्या हाताखाली नौदलात दाखल झाले. नेपोलियनशी चाललेली युद्धे संपल्यावर नौदलाने अटलांटिकहून पॅसिफिकला जाणाऱ्या वायव्य मार्गाचा शोध हाती घेतला. १८१८ मध्ये काकांबरोबर आणि पुढे विल्यम पॅरींच्या चार मोहिमांत रॉस आर्क्टिकमध्ये तयार झाले.

होकायंत्राची सुई भौगोलिक उत्तरेपासून ढळते. ती किती ढळते हे ठिकाणागणिक बदलते, काळानुसारही बदलते. ते ठाऊक नसेल तर जहाज खडकावर जायचे. म्हणून चुंबकीय ध्रुवांचे नेमके स्थान ही नौदलाची रोजच्या कामाची गरज होती.

१८२९ मध्ये फेलिक्स बूथ या मद्यउत्पादकाच्या पैशावर निघालेल्या ‘व्हिक्टरी’ जहाजावर रॉस काकांचे दुय्यम होते. बर्फाने जहाज कायमचे अडकवले. मुक्काम चार हिवाळ्यांचा झाला. आसपासच्या इन्युइटांकडून ताजे मांस मिळत गेले, कुत्र्यांच्या गाडीने कसे फिरावे हेही शिकता आले. या मदतीशिवाय पुढचे यश अवघडच होते. १ जून १८३१ रोजी बूथिया द्वीपकल्पाच्या सपाट किनाऱ्यावर रॉस यांनी उपकरण मांडले. उभ्या पातळीत फिरणारी सुई ८९°५९′ इतकी खाली वळली, म्हणजे जवळजवळ सरळ पायाखाली. आडव्या टांगलेल्या सुया कोणतीच दिशा दाखवेनात. उत्तर चुंबकीय ध्रुव सापडला होता. तेथे दगडांची रास रचून तुकडी परतली.

१८३९ मध्ये दक्षिणेची कामगिरी त्यांच्याकडे आली. जगभर एकाच वेळी चुंबकीय नोंदी घेण्याचा तो काळ होता. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेतही १८४१ पासून अशा नोंदी सुरू झाल्या. रॉस ‘एरेबस’वर होते, ‘टेरर’ची सूत्रे फ्रान्सिस क्रोझियर यांच्याकडे होती. उखळी तोफांसाठी बांधलेली ही भक्कम जहाजे जानेवारी १८४१ मध्ये तरंगत्या बर्फाचा पट्टा फोडून पलीकडच्या मोकळ्या समुद्रात शिरली. तोच आजचा रॉस समुद्र. धुराचे लोट सोडणारा ज्वालामुखी दिसला, त्याला एरेबसचे नाव मिळाले. पुढे बर्फाची उभी भिंत शेकडो किलोमीटर आडवी पसरली होती. चुंबकीय ध्रुव मात्र डोंगरांपलीकडे, जमिनीवर होता. तेथे जहाजाने पोचणे शक्यच नव्हते. ही हुलकावणी रॉस यांना फार लागली. तरी मोहिमेच्या नोंदींनी दक्षिण गोलार्धाच्या चुंबकीय नकाशाला पाया दिला, आणि खलाशांच्या दृष्टीने त्याचे मोल ध्रुवावर झेंडा रोवण्याहून जास्त होते.

मार्च १८४२ मध्ये वादळी रात्री हिमनग चुकवताना दोन्ही जहाजे एकमेकांवर आदळली. ‘एरेबस’ला रॉस यांनी मागे रेटत हिमनगांच्या फटीतून बाहेर काढले, दर्यावर्दी म्हणून हा त्यांचा सर्वांत मोठा पराक्रम मानावा लागेल.

परतल्यावर त्यांनी विवाह केला आणि सासऱ्यांना दूरच्या मोहिमा सोडण्याचे वचन दिले. १८४५ मध्ये तीच दोन जहाजे घेऊन जॉन फ्रँकलिन आर्क्टिकला गेले. क्रोझियरही सोबत होते. कोणीच परतले नाही. जुन्या सोबत्याच्या शोधासाठी रॉस १८४८ मध्ये पुन्हा निघाले. पकडलेल्या कोल्ह्यांच्या गळ्यात निरोपाचे पट्टे बांधून त्यांना सोडून देण्यापर्यंत सगळे उपाय झाले, पण माग लागला नाही. त्या मोहिमेत गाडी ओढण्याचे धडे घेतलेले लिओपोल्ड मॅक्लिंटॉक यांनी १८५९ मध्ये फ्रँकलिन यांच्या अंताची लेखी नोंद मायदेशी आणली. रॉस तेव्हा हयात होते. ३ एप्रिल १८६२ रोजी एल्सबरी येथे त्यांचे निधन झाले.